पंचावन्न फुटांची शर्यत

वयाची साठी ओलांडलेल्या आणि सारी हयात 'रघुवंश' व त्रैराशिक शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें खेळण्यांतल्या मोटारगाड्यांवर लेख लिहावा, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मलाहि दोन वर्षांपूर्वीं तसेंच वाटलें असतें. परंतु गेल्या वर्षीं चिरंजिवांकडे अमेरिकेंत ओहायो संस्थानांत सहा महिने राहण्याचा योग आला, आणि तेथें घराच्या तळघरांत तेरा वर्षांच्या नातवाबरोबर ज्या संध्याकाळी मीं काढल्या, त्यांतून कांहीं गोष्टी अशा हातीं लागल्या कीं त्या सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यांत माझी एक ढोबळ चूकहि आहे. तीहि यथास्थित सांगणार आहें.

प्रथम ह्या खेळाची ओळख करून देतों. लांकडी तक्त्यांत एक अरुंद खांच कोरलेली असते व खांचेच्या दोन्ही अंगांस तांब्याच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. गाडीच्या नाकाखालीं एक पातळ जीभ असते, ती खांचेंत उतरते. जिभेच्या दोहों बाजूंस तांब्याच्या बारीक तारांच्या मऊ वेण्या असतात. त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि गाडीच्या पोटांतील मोटरला वीज पोंचवितात. खेळणाऱ्याच्या हातांत पिस्तुलासारखा घोडा असलेलें एक यंत्र असतें; घोडा जितका दाबावा तितकी वीज अधिक. गाडीस सुकाणू नाहीं. खांच नेईल तिकडे तिनें जावयाचें. अशा गाडीस तिकडे 'स्लॉट-कार' म्हणतात.

विजेच्या पट्टीवरून धांवणाऱ्या खेळण्यांतल्या मोटारगाड्या अमेरिकेंत लायोनेल कंपनीनें १९१२ सालींच काढल्या होत्या, परंतु त्यांचा फारसा प्रसार झाला नाहीं. पुढें इंग्लंडांत फ्रेड फ्रान्सिस ह्या गृहस्थाची मिनिमॉडेल्स नांवाची कंपनी किल्लीवर चालणाऱ्या 'स्केलेक्स' गाड्या करीत असे. त्यांतच विजेची मोटर बसवून 'स्केलेक्स्ट्रिक' ह्या नांवानें त्यानें १९५७ सालीं हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनांत त्या मांडल्या, आणि मग हा खेळ घरोघर शिरला. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत गांवोगांवीं अशा धांवपट्ट्यांचीं दुकानें निघालीं, तासावर पैसे घेऊं लागलीं, आणि दशक संपतें न संपतें तोंच त्यांतलीं बहुतेक बंदहि पडलीं. जीं थोडीं आज चालू आहेत त्यांपैकीं एकांत आम्ही पुढें जाणार आहोंत.

बहुतेक स्लॉट-कार वळणावळणांच्या पट्ट्यावर धांवतात. आम्ही ज्याच्या नादीं लागलों तो प्रकार निराळा. त्यास 'ड्रॅग रेसिंग' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांतील तरुण मंडळी जुन्या मोटारींत फेरफार करून त्या सरळ रेषेंत दोन-दोन पळवीत. कोणी सडकेवर, कोणी ओस विमानपट्टीवर. सांता आना येथील विमानपट्टीवर १९५० सालीं ह्या शर्यती रीतसर भरूं लागल्या, आणि १९५१ सालीं वॉली पार्क्स ह्यांनीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापून त्यांस नियमांची चौकट घालून दिली. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट. उभ्या जागेवरून निघावयाचें, वळण नाहीं, मध्यें थांबणें नाहीं. पहिला फूट आणि शेवटचा फूट ह्यांच्यामध्यें जें घडेल तें घडेल. विदर्भांतील शंकरपट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं. तेथेंहि बैलजोडी सरळ पळते आणि सेकंदाच्या अंशांचा हिशेब होतो.

खेळण्यांतील गाडी खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची. म्हणून अंतरहि चोविसाव्या हिश्शाचें. १३२० भागिलें २४, उत्तर ५५ फूट, बाकी शून्य. हा भागाकार नातवानें मला तोंडीं करून दाखविला तेव्हां हा खेळ अगदींच टाकाऊ नसावा अशी मला प्रथम शंका आली.

नातवानें वाढदिवसाच्या पैशांतून सुटे भाग आणून ठेवले होते, पण चिरंजिवांस कचेरीच्या कामांतून सवड होईना. मुलगा मराठी चांगलें बोलतो; परंतु वाचतांना अडखळतो, आणि लिहावयाचें नांव निघालें कीं कांहींतरी निमित्त काढून उठून जातो. सूनबाईंनीं दोन वर्षें खटपट करून हात टेकले होते. एके दिवशीं तो आपण होऊन माझ्याजवळ आला व म्हणाला, "आजोबा, तुम्ही माझ्याबरोबर गाडी बांधाल का?"

मीं म्हटलें, "बांधीन. पण प्रत्येक चांचणीची नोंद वहींत ठेवावयाची, आणि ती वही मराठींत लिहावयाची."

त्यानें बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलें. सूनबाईंस वाटलें कीं आतां पोरगा गाडीहि सोडून देतो. पण तो वही घेऊन आला. पहिल्या पानावर त्यानें 'गाडी' हा शब्द लिहिला, त्यांत वेलांटी उलटी होती. मीं ती दुरुस्त केली नाहीं.

आतां बांधणीविषयीं. सांगाडा पितळी पट्ट्यांचा व पोलादी तारेचा. त्यास कथिलाचे डाग द्यावे लागतात. डाग देतांना दोन्ही तुकडे पुरते तापले पाहिजेत, नुसतें कथील वितळून भागत नाहीं. आमचे पहिले चार डाग हातानें ओढतांच सुटले. सांगाड्याच्या मागच्या टोंकास दोन बेअरिंगांत पोलादी आंस बसते, त्यावर मागचीं रुंद चाकें. पुढचीं चाकें नांवाचीं, रबरी कडें चढविलेलीं आणि सुपारीच्या खांडाएवढीं बारीक. त्यांवर भार जितका कमी तितकें बरें. मागें जमिनीलगत दोन तारा काढून त्यांस इवलीं चाकें लावतात, कारण सुटतांना गाडीचें नाक वर उचललें जातें; जीभ खांचेंतून निघाली कीं वीज तुटली आणि शर्यत संपली. वरचें कवच पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचें असतें व तें आंतून रंगवितात. म्हणून जो रंग सर्वांत वर दिसावा तो सर्वांत आधीं लावावा लागतो. हें उलटें चित्रकर्म नातवाच्या आजीस फार आवडलें, व गाडीवरील शेंदरी पट्टे तिच्याच हातचे आहेत.

मोटर म्हणजे जर्दाळूएवढा पत्र्याचा डबा. त्यांत दोन वांकडे लोहचुंबक, मध्यें तीन दांड्यांचें आर्मेचर, प्रत्येक दांडीवर तांब्याच्या तारेचे वेढे, टोंकास तीन भागांचा कम्युटेटर आणि त्यावर टेकणारे दोन कार्बनचे ब्रश. नवी मोटर एकदम बारा व्होल्टांवर पळवूं नये. ब्रशाचें तोंड सपाट आणि कम्युटेटर गोल, त्यामुळें आरंभीं दोघांचा स्पर्श एका रेषेपुरताच असतो. तीन व्होल्टांवर अर्धा तास नुसती फिरूं दिली कीं ब्रश झिजून गोलाव्यास बसतो, ठिणग्या कमी होतात व मोटर थंड राहते. आम्हीं घाई करून पहिली मोटर ह्याच ठिकाणीं बिघडविली.

चाकांवर स्पंजासारखें रबर चिकटवितात, पण तें मूळचें गोल नसतें. सपाट फळीवर पॉलिशपेपर पसरून त्यावर फिरतें चाक अलगद टेकवून तें गोल करावें लागतें. हें काम कंटाळवाणें, आणि नातवानें तें मजहून अधिक नेटानें केलें. दांतेचक्रें जुळवितांनाहि अशीच बारकी गोष्ट आहे. दोन चक्रें घट्ट बसलीं तर गति खातात, सैल बसलीं तर दांते खातात. म्हणून दोहोंमध्यें वहीच्या कागदाची चिठ्ठी घालून मोटर आवळावी व मग चिठ्ठी ओढून काढावी. जी फट राहते ती योग्य.

तळघरांत पंचावन्न फूट कोठून आणावयाचे? आठ-आठ फुटांचे तीन तक्ते जोडून चोवीस फुटांची पट्टी केली. खांच चिरंजिवांनीं यंत्रानें कोरून दिली. तांब्याची पट्टी चिकटपट्टीसारखी मिळते ती आम्ही दोघांनीं बसविली. वीस फूट धांव, चार फूट थांबण्यास. आणि शेवटीं आमच्या कुटुंबानें पुण्याहून नेलेली गोधडी घडी करून ठेवली. घरच्या विजेशीं संबंध नाहीं; बारा व्होल्टांची मोटारीची बॅटरी, व तिच्या वाटेंत फ्यूज. हा फ्यूज कोणीं टाळूं नये. बारा व्होल्टांनीं माणसास धक्का बसत नाहीं हें खरें. पण अशा बॅटरीचीं दोन टोंकें चुकून जुळलीं तर तार क्षणांत लाल होते. आरंभीं व शेवटीं प्रकाशाचा झोत अडला कीं वेळ मोजणारें उपकरण चिरंजिवांनीं तयार केलें. तें सेकंदाचा हजारावा भाग दाखवी.

पहिल्या दिवशींच्या वेळा वहींत अशा आहेत : १.२६, १.२४, १.२९ सेकंद. पुढचें वजन काढून मागें नेलें, १.१९. बेअरिंगांत तेलाचा एक थेंब, १.१८. मग आठ दिवस कांहीं केल्या गाडी १.१५ च्या खालीं येईना. मुलगा हिरमुसला. त्याचें म्हणणें, मोटर दुबळी आहे, जास्त ताकदीची आणावी. चिरंजीवहि त्याच्या बाजूस झाले आणि ती मागविण्यास निघालेच. "बाबा, किती दिवस एवढ्यावर घासत बसणार? मोठी मोटर घेऊन टाकूं."

मीं म्हटलें, एक रात्र थांबा.

गाडीस पुढें ढकलतें कोण? मोटर नव्हे. मोटर चाक फिरविते. गाडीस ढकलतें तें चाकाचें पट्टीवरील घर्षण. साधारण रबर व लांकूड ह्यांमधील घर्षण चाकावरील भाराइतकें धरूं. सगळा भार मागच्या चाकांवर आहे असेंहि गाडीच्या बाजूनें मानूं. तरी गाडीस मिळणारा वेग पडणाऱ्या दगडापेक्षां लौकर वाढणार नाहीं. म्हणजे दर सेकंदास सेकंदीं बत्तीस फूट. वीस फुटांस लागणारा काळ काढावयाचा तर वीस दुणे चाळीस, भागिलें बत्तीस, म्हणजे सव्वा. त्याचें वर्गमूळ १.११८. आमची गाडी १.१५ वर अडली होती. ज्या भिंतीवर ती आपटत होती ती ही. मोटर कितीहि मोठी आणली तरी चाकें जागच्या जागीं जास्त गरगरलीं असतीं, इतकेंच.

सकाळीं हा हिशेब मीं दोघांपुढें मांडला. चिरंजीव इंजिनियर, ते कागदाकडे पाहत राहिले व हंसून कामाला गेले. नातवानें मात्र विचारलें, "मग दुकानांतल्या गाड्या पंचावन्न फूट एक सेकंदांत कशा जातात?" प्रश्न बरोबर होता, कारण त्याच हिशेबानें पंचावन्न फुटांस १.८५ सेकंदांहून कमी लागूं नयेत. उत्तर असें कीं तेथें पट्टीस एक प्रकारचा चिकट द्रव लावतात, त्यास ते नुसतें 'ग्लू' म्हणतात. चाक पट्टीस चिकटतें व फाटून सुटतें. त्यामुळें घर्षण भाराच्या कित्येक पट होतें. तोंवर तो लावणें मला लबाडी वाटत असे. आम्हीं त्याची एक बाटली आणली. पहिल्याच धांवेंत ०.८१. नातवानें मारलेली आरोळी वरच्या मजल्यावर ऐकूं गेली.

येथून पुढें मोटरीकडे व दांतेचक्रांकडे लक्ष देणें सार्थ झालें. अमुक एक फेरफार केला कीं पांच धांवा घ्यावयाच्या, मधली वेळ वहींत मांडावयाची, मगच दुसरा फेरफार. हा नियम मुलानें शेवटपर्यंत पाळला. ह्यांत एक मौज कळली ती सांगतों. मोटरींत अधिक जोरदार लोहचुंबक बसविले तर ती अधिक वेगानें फिरेल असें कोणासहि वाटेल. प्रत्यक्षांत उलट होतें. फिरणारें आर्मेचर स्वतःच चुंबकांमध्यें वीज उत्पन्न करीत असतें, आणि ती वीज बॅटरीच्या विजेस विरोध करते. चुंबक जोरदार तर विरोधहि लौकर बरोबरीला येतो. सुटतांना ओढ वाढते, पण शेवटचा वेग घटतो. तारेचे वेढे कमी घेतले तर ह्याच्या उलट, आणि मोटर तापते ती निराळीच.

आतां माझी चूक. आमच्या मोटरच्या दांड्यावर बारा दांत्यांचें लहान चक्र होतें व आंसावर छत्तीस दांत्यांचें मोठें. मोटरचे तीन फेरे तेव्हां चाकाचा एक. ह्या प्रमाणांत उत्तम वेळ ०.७० आली. मीं सुचविलें, नऊ दांत्यांचें चक्र लावून पाहूं. मग चार फेऱ्यांस एक होईल, जोर वाढेल. ०.६८ आली. पांच धांवा घेतल्या, पुन्हां पांच घेतल्या. दोन शतांशांचा लाभ पक्का होता. मास्तरकीचा मुरलेला स्वभाव. मीं निकाल देऊन टाकला. शनिवारीं शर्यतीस निघतांना मुलगा बारा दांत्यांचें चक्र व तें बसविण्याची कळ पिशवींत घालीत होता. मीं म्हणालों, "तें कशाला? तें प्रकरण मिटलें आहे. उगीच मन दोन ठिकाणीं नको." त्यानें तें काढून टेबलावर ठेवलें.

शर्यतीची जागा म्हणजे एका मॉडेलच्या दुकानामागचें लांबलचक दालन. कमरेइतक्या उंचीवर दोन खांचांची काळी पट्टी, पलीकडे गाड्या अडविण्यास स्पंजाची गादी. अलीकडे दिव्यांचा एक खांब असतो. खऱ्या शर्यतींत १९६३ पासून हा खांब आहे, आणि त्याच्या रंगीबेरंगी दिव्यांवरून तिकडे त्यास नाताळचें झाड म्हणतात. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानें वरून खालीं लागतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधीं निघालात तर तांबडा लागतो आणि बाद. मंडळी सोळापासून सत्तर वर्षांपर्यंतचीं. आमच्या नातवाएवढे दोघे-तिघेच. सर्वांच्या मोटरी एकाच जातीच्या असाव्यात असा त्या दिवशींच्या वर्गाचा नियम होता.

नातवाची गाडी सुटली ती प्रतिस्पर्ध्याच्या हातभर पुढें. माझी छाती फुगली. परंतु निम्म्या वाटेनंतर दुसरी गाडी तिला गांठून सरळ निघून गेली, व आमची सुमारें साडेतीन फूट मागें राहिली. वेळ १.४२. दुसऱ्यानें १.३५ केली होती. पुढच्या फेरींतहि तेंच. दोन पराभवांनंतर तेथें थांबण्याचें प्रयोजन नव्हतें.

आमचें कुटुंब भिंतीलगतच्या बांकावर बसलें होतें. तिला दांतेचक्रांतलें कांहीं कळत नाहीं, परंतु तीस वर्षें भजनाला पेटी वाजविते. गाडींत बसतांना ती सहज म्हणाली, "अहो, घरीं तिचा सूर शेवटपर्यंत चढत जातो. इथें अर्ध्यातच टेकला."

हें वाक्य ऐकतांच मला सगळें उमगलें, आणि परतीचा पाऊण तास मोठा कठीण गेला. मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. तीन दिवस तो तळघरांत उतरला नाहीं, वहींतहि कांहीं लिहिलें नाहीं. त्यानें मला दोष दिला असता तर बरें वाटलें असतें. तें चक्र टेबलावर तसेंच पडलें होतें.

हिशेब अगदीं सोपा होता. मीं तो केला नव्हता इतकेंच. आमची मोटर मोकळी फिरली तर मिनिटास सुमारें पंचेचाळीस हजार फेरे घेते. चारास एक ह्या प्रमाणानें चाकाचे सेकंदास १८७ फेरे. चाकाचा व्यास एक इंच, परिघ ३.१४ इंच, म्हणून वेगाची कमाल मर्यादा सेकंदास एकोणपन्नास फूट. तीनास एक घेतलें तर तीच मर्यादा पांसष्ट फूट. वीस फुटांच्या पट्टीवर गाडी मर्यादेस पोंचण्यापूर्वींच गोधडींत शिरते; तेथें सुटतांनाच्या जोराचें राज्य. पंचावन्न फुटांवर मात्र पहिली गाडी अर्ध्या वाटेंत आपल्या मर्यादेस टेकते, आणि उरलेली वाट त्याच वेगानें कापते. सूर टेकला तो तेथें. मीं वीस फुटांची परीक्षा घेऊन पंचावन्न फुटांचा निकाल लावला होता. वर्गांत एखाद्या मुलानें असें केलें असतें तर मीं त्यास काय बोललों असतों, तें येथें लिहीत नाहीं.

चौथ्या दिवशीं मीं वही उघडली आणि शनिवारच्या तारखेखालीं मोठ्या अक्षरांत लिहिलें : 'वेळ १.४२. चक्र ९ दांते. चूक आजोबांची.' वही जेवणाच्या टेबलावर ठेवून दिली. संध्याकाळीं तिच्यांत खालीं एक ओळ होती : 'मग आता कय करायचं?' काना राहिला होता.

तळघर लांब होणार नव्हतें. तेव्हां नुसती एकूण वेळ न मोजतां शेवटच्या पांच फुटांची वेळ निराळी मोजावी असें ठरलें. पंधराव्या फुटावर आणखी एक प्रकाशझोत बसविला. चारास एक ह्या प्रमाणांत शेवटचे पांच फूट ०.११७ सेकंदांत गेले. तीनास एक ह्या प्रमाणांत ०.१११. म्हणजे जी गाडी दोन शतांश उशिरानें पोंचत होती तीच पोंचतांना अधिक वेगांत होती, आणि तिचा वेग अजून वाढतच होता. हे दोन आंकडे एकाखालीं एक पाहून मुलगा म्हणाला, "आजोबा, उशिरा येणारी गाडीच पुढे जाणार आहे!" मग त्यानें दहा, अकरा व बारा दांत्यांच्या प्रत्येकीं पांच धांवा घेतल्या. तेवढ्या एका आठवड्यांत वहीचीं अकरा पानें भरलीं. वेलांट्या केव्हां सुधारल्या हें मला पानें मागें चाळूनहि नेमकें सांगतां येत नाहीं.

महिन्याभरानें पुन्हां त्याच दालनांत गेलों. बारा दांत्यांच्या चक्रावर सरावांत वेळ आली १.३३, पुन्हां १.३३, मग १.३४. त्या दिवशींचा शर्यतीचा प्रकार निराळा होता. ह्यांत मोटरीवर निर्बंध नसतो. प्रत्येकानें आपली गाडी किती वेळांत जाईल तें आधीं जाहीर करावयाचें. ज्याची वेळ अधिक त्यास तितक्या फरकानें आधीं सोडतात, आणि मग जो आधीं पोंचेल तो जिंकला. मात्र जाहीर केलेल्या वेळेपेक्षां कमी वेळांत आलांत तर हरलांत. आपल्या गाडीची लबाडीनें कमी किंमत सांगणाऱ्यास ह्यांत थारा नाहीं, आणि बढाई मारणारा आपोआप मागें पडतो. तिकडील क्रीडापद्धतींत मला ह्याच्याइतका न्यायाचा नियम दुसरा आढळला नाहीं. साध्या मोटरीचा मुलगा महागड्या मोटरीच्या गृहस्थाशीं बरोबरीनें उभा राहूं शकतो, तो ह्याच नियमामुळें.

नातवानें १.३३ जाहीर केली. पहिल्या फेरींत त्याच्यासमोर माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते, त्यांची ०.९५. मुलास अडतीस शतांश आधीं हिरवा मिळाला. तो धीमेपणानें निघाला, गाडी १.३४ मध्यें पोंचली. गृहस्थांची गाडी बाणासारखी आली ती अर्धा फूट मागें. दुसरी फेरीहि त्यानें जिंकली. मध्यंतरीं दुकानदारानें पट्टी पुसून तिच्यावर नवा ग्लू ओढला. तिसऱ्या फेरींत मुलगा हिरव्यावर सुरेख निघाला, पहिला पोंचला, आणि फलकावर त्याच्या नांवापुढें तांबडा दिवा लागला. वेळ १.३२ होती. एका शतांशानें अधिक चांगला धांवल्यामुळें तो हरला.

मीं त्याच्याकडे पाहण्याचें जरा टाळलें. त्यानें समोरच्या खेळाडूशीं हस्तांदोलन केलें, गाडी उचलली, चाकावर बोट फिरवून पाहिलें, आणि आमच्या बांकावर येऊन पिशवींतून वही काढली. तारीख टाकली, चक्राचे दांते लिहिले, वेळ लिहिली. मग पेन्सिल दांतांत धरून थोडा थांबला व मला विचारलें, "आजोबा, 'ग्लू'ला मराठीत काय लिहू?"

मीं सांगितलें, "गोंद लिही. चालेल."

त्यानें लिहिलें : 'गोंद ताजा. १.३२ सांगायला हवे होते.'